फाल्गुनातली खोली

हणमंतरावांच्या घरात सात टिपाडं होती. निळी, प्लास्टिकची, दोनशे-दोनशे लिटरची. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी त्यांनी ती एकेक करून पैदा केली, आणि त्यानंतर कितीही पाऊस पडो, 'पाण्याचा काय भरवसा' एवढं एकच वाक्य बोलून जिवापाड जपली. तीन टिपाडं न्हाणीपाशी उभी होती, ती निदान कामाची. उरलेली चार मागच्या खोलीत, रिकामी. सिंधु दिवसातून एकदा तरी त्या टिपाडांना शिव्या घाली. टिपाडं ऐकून घेत आणि हणमंतरावही ऐकून घेत.

हणमंतराव एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाले तसे घरातल्या प्रत्येक डब्यात नट, बोल्ट, वायशर आणि वायरचे तुकडे येऊन बसले. सिंधुनं साखरेचा म्हणून डबा उघडावा तर आत बेअरिंग. 'कामाला येतंय' हे त्यांचं दुसरं वाक्य. नऊ वर्षांत त्यातलं काय कामाला आलं, असं सिंधुनं विचारलं की ते चष्मा पुसत बसत. भांडायला समोरचा माणूस तरी बोलका लागतो. हणमंतरावांशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं, आणि भिंतीला त्याचं काही वाटत नाही हा त्यातला खरा त्रास.

तर अशा घरात दसरा काढायचा कसा, हा सिंधुचा दरवर्षीचा प्रश्न. दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आधी अख्खं घर बाहेर काढायचं. भांडी, डबे, पाट, गाद्या, वाकळा, सगळं धुऊन, वाळवून, पुन्हा जागेवर. हदगावला तिच्या लहानपणी माय हे एका दिवसात उरकायची. सकाळी वाकळा ओढ्यावर जायच्या, दुपारी भांडी चिंचेनं लखलखीत व्हायची आणि दिवस मावळायच्या आत सारवलेल्या घरात सगळं परत बसलेलं असायचं. लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. एवढं धुवायला पाणी आणायचं कुठून, आणि पाणी मिळालं तरी साठीला टेकलेल्या बाईनं गुडघे आणायचे कुठून?

म्हणून मग सून आरतीनं पुण्याहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला, तो सिंधुला एकदम पटला. त्यात एक बाई सांगत होती की घर एका दिवसात आवरायचं नसतं, वर्षभर थोडं थोडं आवरायचं असतं. महिन्याला एक कोपरा. त्या बाईच्या घरात टिपाडं नव्हती आणि हणमंतरावही नव्हते, हे सिंधुच्या लक्षात आलं, पण कल्पना चांगली होती. पाडव्याच्या दिवशी तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बारा महिने लिहिले. चैत्र, स्वयंपाकघर. वैशाख, कपाटं. असं करत करत माळा, देवघर, बैठक, गाद्या-वाकळा, जिना, गच्ची. आणि सगळ्यात शेवटी, फाल्गुन, मागची खोली.

आता या मागच्या खोलीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलेलं होतं.

संक्रांतीच्या आधी सिंधुची माय, कौसाबाई, हदगावात धुण्याच्या दगडावर घसरून पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, घरात एकटी. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. सिंधुला ना भाऊ ना बहीण. हाड मोडलं नव्हतं, पण शेजारचा नरसिंग येऊन उठवीपर्यंत ती दोन तास तशीच ओल्यात पडून होती. सिंधु धावत गेली आणि माझ्याकडं चल म्हणून हटूनच बसली. माय तयार होईना. लेकीच्या दारात जाऊन तिच्या चुलीवरचं बसून खायचं, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. तीन दिवस नाही-नाही म्हणून चौथ्या दिवशी तिनं अट घातली. "खोली येगळी आसंल तर येते. माझी शेगडी, माझं दानं, माझं मी शिजवीन. जावयाच्या ताटात वाटेकरी व्हायची न्हाई."

सिंधु म्हणाली, मागची खोली आहे की. रिकामी करते आणि न्यायला येते.

हे झालं जानेवारीत. ती खोली रिकामी करण्याचा महिना तिनं लिहिला फाल्गुन, म्हणजे वर्षभरानंतरचा. असं का, तर तिचं म्हणणं बिनतोड होतं. आधी बाकीचं घर लागल्याशिवाय त्या खोलीतलं सामान ठेवणार कुठं? माणसाचं म्हणणं बिनतोड असलं की तो पुन्हा त्याच्याकडे वळून बघत नाही, तिथंच फसतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं आपल्यात म्हणतातच.

आणखी एक गोष्ट होती, ती कॅलेंडरवर लिहिलेली नव्हती. त्या खोलीत हणमंतरावांची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं सिंधुनं केलं. भांडं देणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं. सहा वर्षांत ती एका लग्नाला गेली नाही की दोन घास निवांत जेवली नाही. म्हातारी गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. त्या दिवसापासून खोलीला कडी लागली, आणि घरात जे कुठं मावत नाही ते त्या कडीच्या आत जाऊ लागलं. म्हातारीची लोखंडी कॉट अजून तिथंच होती, टिपाडांच्या खाली.

चैत्र मोठ्या झोकात पार पडला. स्वयंपाकघरातून काय काय निघालं ते सांगायला बसलं तर ही गोष्ट संपायची नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे एकेचाळीस, आणि त्यांतल्या तेहतिसांना झाकण नाही. नावं घातलेली स्टीलची ताटं, लग्नामुंजीत आलेली, ज्यांची नावं त्यांवर कोरली त्यातले अर्धे लोक आता हयात नाहीत. हणमंतराव मध्ये येऊन प्रत्येक डबा हातात घेऊन बघत, वास घेत आणि ठेवून देत. टाकू देईनात, वापरायचं म्हटलं तर जागा नाही. शेवटी सिंधुनं वैतागून सगळं दोन पोत्यांत भरलं आणि मागच्या खोलीची कडी काढून आत ढकललं. स्वयंपाकघर आरशासारखं झालं.

त्या संध्याकाळी मायला फोन करून तिनं सांगितलं, सयपाकघर झालं. मायनं विचारलं, जास्तीचं काय केलंस? आता फोनवर मायला काय सांगायचं, की पोत्यात भरून ठेवलं? सिंधु म्हणाली, देऊन टाकलं गरजवंताला. मायला फार बरं वाटलं. लागतं तेवढंच ठेवावं माणसानं, म्हणाली.

वैशाखात कपाटं निघाली. सत्यमची, म्हणजे मुलाची, इंजिनिअरिंगची पुस्तकं त्यात होती, त्याला फोन केला तर 'असू दे आई, बघू' म्हणाला. तो पुण्यात दोन खोल्यांत राहतो, त्याचं 'असू दे' नेहमी लातुरात असतं. साड्या निघाल्या, कोट निघाला, हणमंतरावांचे खाकी गणवेश निघाले सात जोड. सगळं गाठोड्यात, आणि गाठोडी मागच्या खोलीत. मायला फोन केला, कपाटं झाली, कपडे दिले वाटून. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही.

यंदा ज्येष्ठ दोनदा आला. अधिक महिन्यासाठी कॅलेंडरच्या पाठीवर काही काम लिहिलेलंच नव्हतं. हणमंतरावांनी भीत भीत विचारलं की या महिन्यात काय आवरायचं. सिंधु म्हणाली, तोंड आवरा.

पण अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचा. एक दिवस नरसिंग लातूरला कामाला आला, तो डोक्यावर हे भलंथोरलं पितळी घंगाळ घेऊन. आत तेहतीस अनारसे, पांढऱ्या धोतरात बांधलेले. मायनं जावयाला वाण धाडलं होतं. घंगाळ सिंधुनं ओळखलं. वडील त्यात अंघोळीचं पाणी घ्यायचे, दर दसऱ्याला माय ते राखेनं घासायची. हणमंतरावांनी घंगाळावर बोटानं टिचकी मारून नाद ऐकला आणि दिवसभर खूश राहिले. सिंधुला मात्र रडावं की ओरडावं ते कळेना. इथं आपल्या घरातली एक वस्तू बाहेर काढायची तर महिना लागतो, आणि माय घंगाळं धाडायला लागली. ठेवायचं कुठं? अनारसे डब्यात गेले आणि घंगाळ मागच्या खोलीत, टिपाडावर पालथं.

खऱ्या ज्येष्ठात एक प्रसंग घडला. छोटाच. हणमंतराव सकाळी चहा घेताना म्हणाले की तुझ्या मायला लवकर आणायचं असेल तर टिपाडं मी गच्चीवर नेतो, दोन तासांचं काम आहे. त्यांच्या तोंडून टिपाड हलवण्याची भाषा नऊ वर्षांत पहिल्यांदा निघाली होती. सिंधु माळ्याच्या शिडीवर होती. ती तिथूनच म्हणाली की आज माळा आहे, मध्येच खोली काढली तर सगळं वेळापत्रक कोलमडेल, खोलीचा महिना फाल्गुन. हणमंतरावांनी मान हलवली आणि कप विसळून ठेवला. त्यानंतर टिपाडांवरून ती त्यांना आणखी दहा वेळा बोलली असेल. त्यांनी एकदाही त्या सकाळची आठवण करून दिली नाही.

असे महिने जात होते. आषाढ, श्रावण, भाद्रपद. महालक्ष्म्यांना आलेल्या बायका सिंधुचं घर बघून थक्क झाल्या. एका ओळीत बरण्या, कपाटात घडीवर घडी, माळ्यावर फक्त हवा. कुणीतरी विचारलं, एवढं सामान गेलं कुठं? सिंधु म्हणाली, काढलं. मागच्या खोलीच्या दाराला तोवर कडी लागेनाशी झाली होती. ते तिनं सुतळीनं बांधून वर महालक्ष्म्यांच्या आरासीतला पडदा लावला होता.

मायला दर महिन्याला फोन जायचाच. हे झालं, ते दिलं. माय शेवटी एवढंच विचारायची, खोलीचा म्हैना कवा हाय? फाल्गुन, सिंधु सांगायची. माय म्हणायची, बरं, सावकाश कर, जिवाला लावून घेऊ नको. दर वर्षी पंचमीला सिंधु हदगावला जायची, यंदा गेली नाही. आवराआवर चालू होती ना.

आश्विन लागायला दोन दिवस राहिले आणि नरसिंगचा फोन आला. तो आधी पिकापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "ताई, माय भुईवर झोपून राहिल्यात. बाज बी देऊन टाकली. म्या बाज आणून दिली तर परत धाडली. येऊन बघून जा."

सिंधुचा पारा चढला. मायवर चढायचा तो जवळ होते त्या हणमंतरावांवर चढला. ती म्हणाली की तुमच्या या टिपाडांपायी माझी म्हातारी माय जमिनीवर झोपायलीय, ही टिपाडं नसती तर ती कधीच आली असती, तुम्हाला माणसापेक्षा प्लास्टिक जवळचं. बरंच बोलली. बत्तीस वर्षांच्या नोकरीचं, एकेचाळीस डब्यांचं, बेअरिंगचं, सगळं त्यात आलं. हणमंतरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"टिपाडं मी ज्येष्ठातच नेतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "खोली तू शेवटी लिहिलीस, सिंधु. मी न्हाई."

एवढंच. आवाजही चढवला नाही. सिंधुनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ती इतके महिने दाखवत होती, आणि स्वतःचं मुसळ कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्याच अक्षरात लिहून भिंतीला लावलेलं होतं. ती उठली, पिशवीत एक साडी टाकली आणि स्टँडवर गेली.

अहमदपूर, लोहा, नांदेडला बस बदलायची, मग हदगाव. सहा तासांच्या त्या प्रवासात तिनं स्वतःशी खूप भांडून घेतलं. आपण मायला आणायला तयार नव्हतो का? होतो. मग? मग त्या खोलीचं दार उघडलं की अजून डेटॉलचा वास येतो असं वाटायचं. माय आज चालती-फिरती आहे, उद्या पडली तर? पुन्हा भांडं, पुन्हा कूस, पुन्हा सहा वर्षं. आत्याबाईंचं केलं ते सून म्हणून केलं, करावंच लागलं. मायचं करताना कंटाळा आला तर? स्वतःच्या मायचा कंटाळा येईल, या भीतीनंच तिला इतके महिने माळे आणि बरण्या आवरायला लावल्या होत्या. हे तिला लोह्याच्या पुढे कुठंतरी लख्ख कळलं, आणि कळल्यावर स्वतःचा इतका राग आला की शेजारच्या बाईनं 'बरं वाटत न्हाई का' असं विचारलं.

दुपारी ती पोचली तेव्हा माय दारात बसून शेंगा फोडत होती. सिंधु सरळ आत गेली. आणि आत काहीच नव्हतं.

उतरंड नव्हती. फळीवर भांडी नव्हती, नुसते भांड्यांचे गोल डाग होते. लाकडी कपाट नव्हतं. बाज नव्हती. खुंटीवर दोन लुगडी. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी, एका बर्नरची शेगडी, एक तवा, एक पातेलं, एक तांब्या, एक ताट. देव्हाऱ्यात देव तेवढे होते. घर इतकं रिकामं होतं की सिंधुच्या चपलांचा आवाज भिंतीवरून परत आला.

कुणी सांगितलं होतं हे, असं ती जवळजवळ किंचाळली. चोरी झाली का, वेड लागलं का, भुईवर झोपून थंडी भरली तर कोण बघणार होतं? माय शेंगांचं सूप घेऊन आत आली, शांतपणे बसली.

"तूच की," माय म्हणाली. "चैतात तू भांडे दिले. म्या बी दिले. वैशाखात तू कपडे दिले, म्या बी दिले. एकदम सगळं काढायचं बळ आता माझ्यात कुठं? तू म्हैन्याला एक म्हनलीस, ते मला बी जमलं."

धोंड्यात घंगाळ गेलं. ज्येष्ठात माळा काढला म्हणालीस, मी उतरंड कुंभाराच्या सुनेला दिली. श्रावणात पाट, भादव्यात कपाट. बाज मागच्या पंधरवड्यात नरसिंगच्या बहिणीकडं गेली, बाळंतीण झाली आहे ती. माय बोटांवर मोजत सांगत होती, आणि तिच्या तोंडावर काम पुरं केल्याचं समाधान होतं. लेकीच्या घरी जायचं, तिथं एकच खोली. तिथं पसारा नेऊन तिला त्रास कशाला द्यायचा? दोघींचं घर संगंसंगं निघून राहिलं म्हणून मला लई बरं वाटायचं, असं ती म्हणाली.

सिंधु भिंतीला टेकून खाली बसली. चैत्रापासूनचं तिचं एकेक खोटं मायनं खरं करून ठेवलं होतं.

"आता माझं एवढंच राह्यलं," माय पेटीकडे बघून म्हणाली. "तुझी खोली झाली का?"

झाली, असं म्हणणं सोपं होतं. सवयही होती. पण समोर ते भांड्यांचे गोल डाग होते. "न्हाई झाली, माय," सिंधु म्हणाली. "काहीच दिलं न्हाई मी. सगळं त्याच खोलीत कोंबलंय. मला भ्या वाटलं. आत्याबाईंवानी तुझं बी करावं लागंल म्हणून."

माय शेंगा फोडत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"मला म्हाईत होतं ते," ती म्हणाली. "फाल्गुन म्हनलीस तव्हाच कळलं. सहा वर्सं करून तू दमली होतीस, म्हणून घाई केली न्हाई म्या. पर एक भांडं गेलं का दुसरं बी जातं. देणं थांबंना मग." मग तिनं मूठभर दाणे सिंधुच्या हातावर ठेवले आणि विचारलं की जेवलीस का.

संध्याकाळी सिंधुनं लातूरला फोन लावला. उद्या मायला घेऊन येते, एवढं सांगितलं. हणमंतराव 'बरं' म्हणाले. त्या माणसाच्या 'बरं'चा तिला जन्मभर राग आला होता, तो त्या दिवशीही आला. रात्री दोघी एका वाकळेवर भुईला झोपल्या. सकाळी नरसिंगनं पेटी बसवर चढवून दिली आणि मायनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

दुपारी लातूरला रिक्षा दारात थांबली. सिंधुनं दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. आत टिपाड आडवं होतं.

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर गाठोडी, टीव्हीसमोर कूलर, टेबलावर सत्यमची पुस्तकं, पुस्तकांवर नावं घातलेली ताटं. आवरलेल्या माळ्यावरून पोती लोंबत होती. कपाट उघडून त्यात हणमंतरावांचे सात खाकी जोड पुन्हा कोंबले होते. चैत्रापासून भाद्रपदापर्यंतचे सगळे महिने, अधिकासकट, एका दिवसात वाया गेले होते. आणि या सगळ्याच्या मध्ये गंजीफ्रॉकवर हणमंतराव घामानं निथळत उभे होते.

"दोन टिपाडं गच्चीवर गेली," ते म्हणाले. "एक जिन्यात आडकलं, एक हे दारात. बघू."

सिंधुनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या जिभेवर एवढं आलं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना. तेवढ्यात माय पोत्यांतून, गाठोड्यांतून वाट काढत, टिपाडाला धरत, मागे निघून गेली होती. सिंधु तिच्या मागे गेली.

खोली रिकामी होती. फरशी पाण्यानं धुतलेली होती, म्हणजे दोन टिपाडं पाणी तरी खर्ची पडलं असणार, आणि नळ यायला अजून चार दिवस होते. खिडकी उघडी होती. म्हातारीची लोखंडी कॉट बाहेर उन्हात होती आणि तिच्या जागी सत्यमचा जुना लाकडी पलंग टाकलेला होता. कोपऱ्यात ओट्यासारखी एक फळी ठोकली होती, शेगडी बसेल एवढी, आणि फळीला लावलेले नट नवेकोरे चमकत होते. पलंगाच्या पायथ्याशी घंगाळ होतं. घासलेलं. त्या नटांपुरतं तरी, इतक्या वर्षांनी, डब्यांतलं काहीतरी कामाला आलं होतं.

मायनं पेटी उघडली. देव काढून खिडकीत ठेवले, शेगडी फळीवर मांडली, पातेल्यात पाणी ओतलं. माझ्या चुलीवरचा पहिला चहा जावयाला, म्हणाली. मग पेटीत हात घालून काहीतरी शोधू लागली. तळापर्यंत शोधलं. लुगडं उचलून झटकलं. मग हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"कप दिले की आंगणवाडीला," ती म्हणाली. "आषाढात."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मायच्या आवाजात वैताग आला होता, आणि तो सिंधुच्या वैतागासारखाच होता, अगदी तोच. लेकीच्या घरचं काही वापरायचं नाही म्हणून एवढं केलं, आणि पहिल्याच दिवशी लेकीच्याच कपांवर पाळी आली, असं पुटपुटत ती पलंगावर बसली. तिथं बसून तिनं सगळ्या पसाऱ्याकडं, दारातल्या जावयाकडं आणि लेकीकडं आळीपाळीनं बघितलं.

सिंधुला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. डोळे पुसत ती कप आणायला स्वयंपाकघरात गेली. वाटेत पोतं होतं, ते तिनं पायानं बाजूला केलं. ते सुटलं आणि श्रीखंडाचे एकेचाळीस डबे घरभर घरंगळले.

"अहो," ती ओरडली, "हे आजच्या आज बाहेर काढा."

हणमंतरावांनी एक डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि पहिल्यांदाच दाराबाहेर ठेवला.